पुढे पडवीत टेबले, मागे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने एखाद्या उद्योगाची माहिती सांगावी, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. गेल्या वर्षी आपण कोकमाच्या आगळाविषयी ऐकले, त्याआधी गोधड्यांविषयी. यंदा पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झालेले, तेव्हा पुस्तकी भाषण माझ्याकडून व्हायचे नाही. परंतु भाचीच्या बाळंतपणासाठी चार महिने अमेरिकेत, फ्लोरिडा प्रांतात, राहून आले. तेथे मायामी बीच नावाच्या गावातील एका यहुदी कुटुंबाच्या खाणावळीची हकिकत मला कळली, ती सांगते. त्या कुटुंबाने आपल्या आठवणी छापून ठेवल्या आहेत. शिवाय गावात यहुद्यांच्या जुन्या प्रार्थनामंदिरात एक संग्रहालय आहे, तेही पाहिले. इंग्रजी मला जेमतेम येते. पण भाचीने बाळाला मांडीवर घेऊन सगळे वाचून मराठीत समजावून दिले. मावशी सारखे प्रश्न विचारते म्हणून ती रागावायची, हेही सांगून टाकते.

आधी गाव कसे होते ते ऐका, नाहीतर पुढचे कळणार नाही.

मायामी आणि मायामी बीच ही दोन निरनिराळी गावे. मायामी मुख्य जमिनीवर, आणि बीच म्हणजे समोर खाडीपलीकडे असलेली वाळूची लांबट पट्टी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला थेट महासागर. पूर्वी तेथे तिवरांचे रान आणि डासांचे राज्य होते. १८८२ च्या सुमारास लम नावाच्या बापलेकांनी नारळाच्या बागेसाठी तेथे जमीन घेतली. त्यांच्या मागून आलेल्या मंडळींनी गलबते भरभरून नारळ आणून किनाऱ्याला लावले, आणि उंदरांनी व सशांनी कोंब कुरतडून बागेचा फडशा पाडला. आपण अष्टागरातल्या बायका. नारळाला गेंड्या भुंगा लागतो हे आपल्याला ठाऊक आहे, पण ससे माड खातात हे मी प्रथमच ऐकले!

नारळ गेला तेव्हा कॉलिन्स नावाच्या सत्तरी उलटलेल्या शेतकऱ्याने तेथे अव्होकाडोची बाग केली आणि मायामीकडून येण्यासाठी अडीच मैलांचा लाकडी पूल घालायला घेतला. मध्येच त्याचे पैसे संपले. मग मोटारीच्या दिव्यांच्या धंद्यात गबर झालेला कार्ल फिशर नावाचा गृहस्थ पुढे आला. त्याने ५०,००० डॉलर कर्जाऊ दिले आणि बदल्यात दोनशे एकर जमीन पदरात पाडून घेतली. १९१३ च्या जूनमध्ये पूल खुला झाला. फिशरने तिवरे तोडली, खाडीच्या तळाची वाळू उपसून भराव घातला आणि श्रीमंतांनी थंडीत येऊन राहावे असे गाव उभारायला घेतले. तेथे आपल्या उलट आहे, हवापालटाचा मोसम म्हणजे हिवाळा. उत्तरेकडे बर्फ पडू लागले की ज्यांना परवडेल ते खाली येतात. १९१५ साली गावाला कायदेशीर गावपण मिळाले. जाहिरातीसाठी फिशरने हत्तीसुद्धा आणला होता. तो पाहुण्यांच्या खेळाचे सामान वाही आणि त्याची छायाचित्रे देशभर वर्तमानपत्रांत छापून येत.

आता मुख्य गोष्ट. फिशर आणि कॉलिन्स यांच्या जमिनीच्या खरेदीखतांत कलम असे की, ही जागा यहुद्याला विकू नये. हॉटेलांच्या दारावरही तशा पाट्या असत. मात्र गावाच्या दक्षिण टोकाची जमीन मायामीच्या लमस नावाच्या दोघा भावांकडे होती. ते पेढीवाले, त्यांना लहान लहान तुकडे लवकर विकायचे होते. त्यांनी यहुद्यांना मज्जाव केला नाही. पैसे आण आणि जागा घे, एवढाच त्यांचा हिशेब. तोही गोऱ्यांपुरताच. काळ्या लोकांनी रस्ते बांधायचे, हॉटेलांत राबायचे, पण रात्री त्या गावात राहायचे नाही आणि त्या समुद्रात उतरायचे नाही. नोकरीसाठी येतानासुद्धा त्यांना ओळखपत्र जवळ बाळगावे लागे. अशा रीतीने पाचव्या रस्त्याच्या दक्षिणेकडचा तेवढा कोपरा यहुद्यांना मोकळा राहिला, आणि तेथेच आपली खाणावळ निघाली.

जो वाइस हा मूळचा हंगेरीचा. न्यूयॉर्कमध्ये तो खानावळीत वाढप्याचे काम करी, आणि त्याची बायको जेनी लहानसहान खानावळींत स्वयंपाक करी. एक मुलगा, जेसी, सहा वर्षांचा. जोला दमा होता. डॉक्टर म्हणाले, हवा बदल, दुसरा उपाय नाही. हातात पैसा नाही. १९१३ साली त्याने आपल्या विम्याच्या पॉलिसीवर पन्नास डॉलर काढले, बायकोला आणि मुलाला मागे ठेवले आणि एकटाच फ्लोरिडाला आला. पहिली रात्र मायामीत काढली, श्वास लागेना. दुसऱ्या दिवशी तरीतून, आपण मांडव्याला जातो तसा, पलीकडे बीचवर गेला. तेथे त्याला मोकळा श्वास घेता आला. त्याने तेथेच मुक्काम ठोकला.

मला येथे थांबावेसे वाटते. आपण म्हणतो की अमुक माणसाने दूरदृष्टीने जागा हेरली आणि धंदा उभारला. या माणसाने काही हेरले नव्हते. ज्या जागी छाती भरून श्वास येतो ती जागा त्याने धरली, आणि मग पोट भरण्यासाठी जे काम येत होते ते केले. आपल्या घरात दमेकरी आहे, म्हणून रात्री उठून खिडकीशी बसलेला माणूस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

समुद्रावर स्मिथचा कॅसिनो म्हणून एक जागा होती. कॅसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे. समुद्रस्नानाला येणाऱ्यांनी कपडे बदलावेत, गोड्या पाण्याने अंग धुवावे, अशी ती न्हाणघरांची इमारत. तेथे जोने फराळाचे दुकान चालवायला घेतले. मासे तळायचे आणि पावात घालून द्यायचे. आंघोळ करून आलेल्या माणसाला भूक लागतेच! मग जेनीला आणि जेसीला बोलावून घेतले. बीचवर कायम राहायला आलेले पहिले यहुदी बिऱ्हाड ते हेच, असे मानतात.

१९१८ साली त्यांनी जवळच बिस्केन रस्त्यावर एक बंगली घेतली. बंगली म्हणजे आपण समजतो तशी मोठी हवेली नव्हे, पुढे पडवी असलेले लाकडी घर. मागच्या खोल्यांत बिऱ्हाड मांडले, आणि पुढे पडवीत सात-आठ टेबले टाकली. रांधायचे ते घरच्याच चुलीवर. पाटी लावली, 'जोची खाणावळ'. आणि भगिनींनो, आपल्याला गंमत वाटेल, येथे जो रांधी आणि जेनी वाढी. न्यूयॉर्कमधला प्रकार उलटा झाला. तांबोशी, सुरमई यांच्या जातीचे मासे आणि थोडे मटणाचे पदार्थ एवढाच बेत. पुढची काही वर्षे बीचवर दुसरी खाणावळच नव्हती.

पडवीत टेबले मांडली की घराचे काय होते, ते आपल्यापैकी डबे करणाऱ्यांना सांगायला नको. घर आपले राहत नाही. मूल आजारी असो, पाहुणा दारात उभा असतो. दार कधी बंद करता येत नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. भाडे भरावे लागत नाही, आणि कोणी उठ म्हणत नाही. ज्यांना सगळे गाव उठ म्हणत होते, त्यांना ही दुसरी बाजू मोठी वाटली असली पाहिजे.

आता चिंबोऱ्यांकडे येते, कारण हे घर आज साऱ्या अमेरिकेत ओळखले जाते ते चिंबोऱ्यांसाठी. तिकडच्या खाडीत जाड कवचाची एक चिंबोरी मिळते. तिला ते दगडी खेकडा म्हणतात. कवच असे टणक की दाताने फुटणे शक्य नाही. लाकडी हातोडीने फोडावे लागते. १९२१ साली फिशरच्या एका भागीदाराने खाडीकाठी मत्स्यालय बांधले आणि हार्वर्ड विद्यापीठातला माशांचा एक पंडित तेथे अभ्यासाला बोलावला. तो सकाळी जोकडे न्याहारीला येई. घरची हकिकत अशी सांगतात की, त्याने एक दिवस विचारले, "हे दगडी खेकडे तू कधी केले आहेस का?" जो म्हणाला, "ते कोण खाणार?" दोघांचा वाद झाला. मग पंडित जिवंत चिंबोऱ्यांचे गोणपाट घेऊनच आला. जोने त्या उकळत्या पाण्यात टाकल्या, पुढे गार करून फोडून दिल्या. सोबत बटाटे, कोबीची कोशिंबीर आणि अंड्याची पांढरी चटणी. चार-पाच चिंबोऱ्यांचे ७५ सेंट, बटाट्याचे २५, कोशिंबिरीचे २५. त्यानंतर त्या पडवीला जागा पुरेनाशी झाली. बटाटे आणि कोशिंबीर आजही सोबत देतात.

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला. माझे आजोळ अलिबागेत, इस्राएल आळीच्या शेजारी. आपल्याकडचे हे बेने इस्राएल, ज्यांना जुनी माणसे शनवार तेली म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. बोलायला आपल्यासारखेच मराठी. आमच्या वेळी तेथे थोडीच घरे उरली होती, बाकीची इस्राएलला गेली होती. शेजारच्या आजी आमच्याकडे रोज यायच्या. कोळीण पाटी घेऊन आली की त्या पापलेट घ्यायच्या, सुरमई घ्यायच्या, पण कोलंबीला आणि चिंबोरीला हात लावायच्या नाहीत. त्यांच्या शास्त्रात ज्या मासळीला पर आणि खवले आहेत तीच खायची असे आहे. मटणात दूध-दही चालत नाही म्हणून त्या नारळाचे दूध घालायच्या, आणि त्यांच्या हातचे मटण काय होई म्हणून सांगू! तर भाचीने जेव्हा सांगितले की हे चिंबोरीवाले यहुदी, तेव्हा मी म्हटले, तू चुकीचे वाचतेस. यहुद्याच्या घरी चिंबोरी कशी शिजेल?

पण शिजली. त्यावर मी पुष्कळ विचार केला. शेजारच्या आजींच्या मागे आळी होती, प्रार्थनामंदिर होते, सणावाराला मलिदा करायला चार बायका होत्या. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थनासुद्धा होत नाही. मायामी बीचला १९१३ साली हे एकच बिऱ्हाड. तेथले पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते १९२९ साली. सोळा वर्षे! जवळ आळी नसेल तर एकट्या घराने नियम कोणत्या भिंतीला टेकवायचा? मी त्यांना दोष देत नाही. शेजारच्या आजींनी दिला असता, हेही मला माहीत आहे.

त्या चिंबोरीची आणखी एक नवलाई सांगते. तिकडे अख्खी चिंबोरी मारीत नाहीत. सापळ्यात आलेली वर काढतात, मापाची नांगी असली तर तेवढी मोडून घेतात आणि चिंबोरी परत पाण्यात सोडतात. तिला नांगी पुन्हा फुटते. पोटात अंडी असलेल्या मादीला हात लावायचा नाही, असा कायदा आहे. नांग्या तोडल्यावर सगळ्याच जगतात असे नव्हे, पण पुष्कळ जगतात. १५ ऑक्टोबर ते १ मे एवढाच हंगाम. पूर्वी तो मेच्या मध्यापर्यंत असे. जोच्या घरी जुना शिरस्ता असा होता की, हंगाम संपला की उन्हाळ्यात खाणावळ बंद ठेवीत. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात तशातलीच ही गोष्ट.

जेनीविषयी थोडे सांगते. पाटी जोच्या नावाची, पण दार जेनीच्या ताब्यात. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ती ठरवी. फार करारी बाई. कोणी गृहस्थ बायको सोडून दुसऱ्याच बाईला घेऊन जेवायला आला, तर त्याला ती बाहेरची वाट दाखवी, मग तो कितीही मोठा असो. आणि गावात मोठ्यांना तोटा नव्हता. शिकागोचा प्रसिद्ध गुंड अल कपोन याने १९२८ साली खाडीतल्या एका बेटावर घर घेतले. तो ब्राऊन असे नाव सांगून जोकडे जेवायला येई. घरचे सांगतात की मातृदिनाला तो जेनीला गाडीभर फुले पाठवी. गुंडालासुद्धा जिच्यापुढे नीट बसावे लागते अशी बाई मला आवडते, मग तिच्या फुलांचा पैसा कोठून आला हे मी विचारीत नाही.

तिचा मुलगा जेसी याने पुढे खाणावळ सांभाळली. तो गप्पिष्ट, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन; घरच्या आठवणी बऱ्याचशा त्याच्याच तोंडच्या आहेत. त्याच्यानंतर त्याची मुलगी आणि नातवंडाची पिढी. शंभर वर्षे उलटून गेली, कारभार घरातच आहे.

आता त्या पाट्यांविषयी. एकीकडे पाचव्या रस्त्याच्या उत्तरेला यहुद्यांनी येऊ नये म्हणून पाट्या, आणि दुसरीकडे त्याच हॉटेलांत उतरलेली मंडळी संध्याकाळी मोटारी काढून दक्षिणेला यायची, यहुद्याच्या पडवीत रुमाल गळ्याला बांधून बसायची आणि हातोडीने नांग्या फोडायची. खोली देणार नाही, पण जेवण चालेल. शेजार नको, चव हवी. हे मी संग्रहालयात उभी असताना माझ्या मनात आले आणि मला हसू आले नाही.

कारण हे मला नवे नव्हते. आपल्याच एका भगिनीने पोळी-भाजीसाठी गाळा शोधला. नाव सांगत नाही, ती येथेच बसली आहे. दोन ठिकाणी बोलणे ठरत आले होते. आडनाव विचारले गेले आणि गाळा "आधीच दुसऱ्याला दिलेला" निघाला. शेवटी तिनेही घराची पडवीच धरली. आज तिच्याकडून जे डबे जातात, त्यांतला एक डबा त्या दोघांपैकी एका मालकाच्या घरी जातो. तिला मी म्हटले, बंद कर तो डबा. ती म्हणाली, "का? तो पैसे वेळेवर देतो." जेनीनेही हेच सांगितले असते, असे मला वाटते. मला अजून ते पटत नाही. आपण या गोष्टीवर एकदा मंडळात बोलावे अशी माझी सूचना आहे, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यावी.

मायामी बीचच्या पाट्या कशा उतरल्या तेही सांगितले पाहिजे. १९२६ च्या सप्टेंबरात मोठे वादळ झाले, शेकडो माणसे गेली, जमिनीच्या किमती कोसळल्या. पैशाची निकड लागली तशी खरेदीखतांतली कलमे काहींनी डोळ्यांआड केली. दक्षिण टोकाला यहुद्यांची लहान लहान हॉटेले निघाली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने गावातली हॉटेले घेऊन तेथे हवाई दलाच्या लोकांना शिक्षण दिले, तेव्हा कित्येक यहुदी जवान गाव पाहून गेले आणि युद्धानंतर बायकामुलांसह राहायला आले. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अमुक वंशाला जागा विकू नये अशी कलमे कोर्टाने बजावता कामा नयेत. तो खटला काळ्या कुटुंबाचा होता. त्यांनी लढून मिळवले, त्याचा लाभ यहुद्यांनाही झाला. पाट्याही त्याच सुमारास उतरू लागल्या.

जुन्या प्रार्थनामंदिराची १९३६ सालची इमारत १९९५ पासून संग्रहालय झाली आहे. आत सुमारे ऐंशी रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. प्रत्येकीवर देणगीदाराचे नाव. त्यांतली एक मायर लान्स्की नावाच्या जुगाराच्या धंद्यातल्या बड्या गुंडाने दिलेली आहे. देवळाला देणगी घेताना विचारपूस कमी करतात, हे तिकडेही आहे म्हणायचे. जोची खाणावळ तेथून चालत थोड्याच अंतरावर. आता ती पडवी नाही, मोठी इमारत आहे, सूट घातलेले वाढपी आहेत.

भाचीने तेथून नांग्या बांधून आणल्या आणि घरी आम्ही खाल्ल्या. गोड, घट्ट मांस, पण बर्फासारखे गार! सोबत मोहरी घातलेली ती पांढरी चटणी. शिजवण्याची रीत अशी आहे की, नांग्या धक्क्यावर आल्या आल्या उकळतात आणि लगेच थंड करतात. कच्च्याच गोठवल्या तर मांस कवचाला चिकटून बसते. ही गोष्ट आपल्या कोळणींना सांगण्यासारखी आहे.

परत आल्यावर मी येथल्या चिंबोऱ्यांच्या नांग्या उकळून, फ्रिजमध्ये गार करून, फोडून ताटात मांडल्या. यजमानांनी ताटाकडे पाहिले आणि विचारले, "रस्सा कुठे आहे?" सासूबाईंनी तर नांग्या उचलून परत पातेल्यात टाकल्या आणि वाटण घालायला सांगितले. लहान पाय कुटून त्यांचा रस गाळून घातला, तेव्हा कोठे सगळे जेवायला बसले.

अध्यक्षीणबाई घड्याळाकडे पाहत आहेत. खाली बसते.